टाके पडण्याआधी

ऑपरेशन थिएटरचं दार उघडतं, सर्जन तोंडावरचा मास्क खाली ओढत बाहेर येतात आणि बाकावर ताटकळलेलं सगळं कुटुंब एकदम उभं राहतं. "झालं ना व्यवस्थित?" या प्रश्नाला मोतीबिंदूच्या बाबतीत सरळ उत्तर मिळतं, मोडलेल्या हाडाच्या बाबतीतही बहुधा मिळतं. आतड्याचं ऑपरेशन असलं, की मात्र मुरलेले सर्जन म्हणतात, "आमच्याकडून व्यवस्थित झालंय. आता पाच-सात दिवस जाऊ देत." नातेवाइकांना हे उत्तर रुचत नाही. डॉक्टर हातचं राखून बोलतायत असं वाटतं. प्रत्यक्षात ते उत्तर अक्षरशः खरं असतं.

आतड्याचा रोगट भाग काढून टाकला, की उरलेली दोन टोकं एकमेकांना जोडावी लागतात. हा जोड हातानं टाके घालून करतात किंवा स्टेपलर वापरून. पण टाका काय किंवा पिन काय, दोन कडा काही दिवस एकमेकींना धरून ठेवण्यापलीकडे त्यांचं काम नाही. त्या कडा सांधायच्या शरीरानंच. पहिल्या तीन-चार दिवसांत कडांजवळचे जुने तंतू विरघळत असतात आणि नवे पुरेसे तयार झालेले नसतात. त्यामुळे पेशंटला जरा हुशारी वाटू लागते, नेमका त्याच सुमाराला जोड सर्वांत कच्चा असतो. कडांना रक्तपुरवठा अपुरा पडला किंवा शरीराजवळ सांधण्याचं साहित्यच नसलं, तर तो कुठंतरी उसवतो. आतला मळ पोटाच्या पोकळीत उतरतो, जंतू रक्तात शिरतात आणि सुखरूप पार पडलेलं ऑपरेशन जिवावर बेततं. मोठ्या आतड्याच्या वरच्या भागातल्या जोडांत अशी गळती साधारण शंभरात तीन ते सहा जणांना होते. जोड जसजसा खाली, गुदद्वाराच्या जवळ जाईल, तसा हा आकडा वाढत दहावर आणि त्याच्याही पुढे जातो.

टाका पक्का कसा घालावा यावर माणसानं कमी डोकं चालवलेलं नाही. सुश्रुतसंहितेत आतड्याला पडलेल्या छिद्राच्या कडा जुळवून त्यांना काळे मुंगळे चावायला लावावेत, मग त्यांची धडं तोडून डोकी तशीच राहू द्यावीत, असा उपाय सांगितला आहे. आजच्या स्टेपलरचा पूर्वजच म्हणायचा. पॅरिसच्या लांबेर यांनी १८२६ मध्ये आतड्याच्या बाहेरच्या बाजू एकमेकींना भिडवून शिवण्याची रीत मांडली. अमेरिकेतल्या हॉल्स्टेड यांनी १८८७ मध्ये कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून दाखवून दिलं, की आतड्याच्या भिंतीतल्या एका विशिष्ट थरातून टाका गेला तरच तो तग धरतो. पुढे प्रतिजैविकं आली, दुर्बिणीची शस्त्रक्रिया आली, आता यंत्रमानवाचे हातही आले. तरीही गळती संपलेली नाही. २००९ मध्ये नेदरलँड्समधून प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सर्जननाच विचारलं होतं, की तुम्ही आता घातलेला हा जोड गळेल असं वाटतं का? त्यांचे अंदाज फारसे बरोबर आले नाहीत. स्वतःच्या हातानं घातलेल्या टाक्याचं भविष्य त्यांना सांगता येईना.

याचं एक कारण असं, की गळतीची पुष्कळशी कारणं टाक्यात नसतातच. ती पेशंटच्या अंगात, टाका पडण्याच्या कितीतरी आधीपासून मुक्कामाला असतात. माझी अर्धी हयात बँकेत कर्जाचे प्रस्ताव तपासण्यात गेली. कर्ज थकतं ते मंजुरीनंतर, पण ते का थकलं हे शोधायला बसलं, की कारणं बहुधा मंजुरीच्या आधीच्या कागदांतच सापडतात. इथेही तसेच जुने कागद आहेत, आणि ते वाचण्यासारखे आहेत.

अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात हायरम स्टडली नावाचे सर्जन होते. पेप्टिक अल्सरसाठी पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या आपल्या पेशंटांचे मृत्यू त्यांनी १९३६ मध्ये तपासले. वय, हृदय, ऑपरेशनचा प्रकार असं सगळं पाहून झालं. शेवटी लक्षात आलं, की सर्वांत बोलका आकडा साध्या वजनकाट्याचा आहे. ऑपरेशनच्या आधी ज्यांचं वजन पाचव्या हिश्श्याहून जास्त घटलं होतं, त्यांच्यातले एकतृतीयांश दगावले होते. ज्यांचं तेवढं घटलं नव्हतं, त्यांच्यात हे प्रमाण शंभरात तीन-चार होतं. पुढे १९९९ मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या ४४ रुग्णालयांतल्या ५४ हजारांहून अधिक मोठ्या शस्त्रक्रियांचा हिशेब प्रसिद्ध झाला. त्यात हृदयाची ऑपरेशनं धरलेली नव्हती. रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन उत्तम असलेल्यांत मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याहून कमी होतं, आणि ते अगदी तळाला गेलेल्यांत २९ टक्के. ही तपासणी आपल्याकडे कुठल्याही लॅबोरेटरीत होते. साडेतीनच्या खाली आकडा गेला, की सर्जनच्या कपाळावर आठी पडते ती म्हणूनच.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. अल्ब्युमिन कमी आहे म्हटल्यावर आपल्याकडे नातेवाईक धावत जाऊन अल्ब्युमिनच्या बाटल्या आणतात. एकेका बाटलीला हजारो रुपये मोजतात. बाटली चढवली की रिपोर्टमधला आकडा वर जातो, जोखीम मात्र होती तिथंच राहते. कारण अल्ब्युमिन हा ताप मोजणाऱ्या थर्मामीटरसारखा प्रकार आहे. ते कमी असणं म्हणजे आत आजार आणि उपासमार चालू असल्याची खूण. थर्मामीटर गार पाण्यात बुडवला म्हणून ताप उतरत नाही. काही विशिष्ट आजारांत त्या बाटलीचा उपयोग आहे, तो डॉक्टर सांगतील. पण केवळ आकडा सजवण्यासाठी दागिने गहाण टाकू नयेत.

हे सगळं मी वाचत बसलो ते आमच्या दाजींमुळे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या अक्काचे यजमान. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. वय सदुसष्ट. शौचावाटे रक्त जायचं, आणि एका डॉक्टरांनी तपासून न पाहताच मूळव्याध म्हणून सहा महिने औषधं दिली. मूळव्याधीला बाधेल म्हणून दाजींनी तिखट सोडलं, डाळी सोडल्या, अंडी सोडली आणि ताकभातावर राहिले. दुर्बिणीनं तपासणी झाली तोवर वजन अडुसष्टवरून एकसष्टवर आलं होतं आणि हिमोग्लोबिन ८.२ होतं. गुदाशयात मधोमध गाठ निघाली, कॅन्सरची. सुदैवानं ती भिंतीबाहेर गेलेली नव्हती. त्यामुळे आधी रेडिएशन न देता थेट ऑपरेशन करता येईल असं पुण्याच्या सर्जननी सांगितलं, आणि लगेच म्हणाले, "पण चार आठवड्यांनी."

त्या संध्याकाळी अक्काच्या घरी जवळजवळ भांडणच झालं. भाचा म्हणाला, "मामा, कॅन्सर पोटात ठेवून महिनाभर अंडी खायची आणि फिरायला जायचं? हा कुठला सर्जन?" त्याचं चुकत नव्हतं. थांबण्यालाही किंमत असते, कॅन्सरमध्ये तर असतेच, आणि गाठीनं आतड्याचा मार्ग अडवला असेल तर थांबणं शक्यच नसतं. पण सर्जननी ती किंमत जमेस धरली होती. पुरुष, त्यामुळे कटिपोकळी अरुंद आणि आत हात चालायला जागा कमी, जोड खाली, अंगात रक्त कमी, वजन घटलेलं, आणि चाळीस वर्षांची विडी. यातल्या पहिल्या दोन गोष्टी कुणाच्या हातात नव्हत्या. उरलेल्या तिन्ही होत्या. दाजी इतका वेळ गप्प बसले होते. ते भाच्याला म्हणाले, "भराव कच्चा असताना नवं बांधकाम सांधलं, की पहिल्या पाण्याला तिथंच गळतं. उभा जन्म मी तेच बघत आलोय. थांबू आपण."

विडीचं शास्त्र असं. धुरामुळे रक्तवाहिन्या आकसतात, रक्तातला प्राणवायू घटतो, आणि जोडाच्या कडांना नेमकी त्याचीच गरज असते. पण ऑपरेशनच्या आदल्या दिवशी विडी विझवून फारसं हाती लागत नाही. डेन्मार्कमध्ये सांधेबदलाच्या पेशंटांना सहा ते आठ आठवडे आधीपासून धूम्रपान सोडायला मदत केली. २००२ मध्ये त्याचे निकाल आले. मदत न मिळालेल्यांत शंभरातल्या ५२ जणांना काही ना काही गुंतागुंत झाली होती, मदत मिळालेल्यांत १८ जणांना. त्याच देशात पुढच्या वर्षी मोठ्या आतड्याच्या पेशंटांवर दोन-तीन आठवड्यांचाच प्रयोग झाला, त्यात फरक दिसला नाही. किमान चार आठवडे आधी सोडा असं डॉक्टर सांगतात, ते उगाच नाही. दाजींनी सोडली. कशी सोडली ते अक्कालाच विचारा. पहिले दहा दिवस घरातलं एकही भांडं त्यांच्या मते जागेवर नव्हतं.

दाजींना सलाइनमधून लोह दिलं, कारण महिन्याभरात गोळ्यांनी तेवढं रक्त भरलं नसतं. अर्थात एकट्या लोहानं चमत्कार होत नाही. ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीत पोटाच्या ऑपरेशनआधी असं लोह देऊन पाहिलं. हिमोग्लोबिन वाढलं, पण मृत्यू किंवा रक्त चढवण्याची गरज त्यामुळे घटली नाही, असा निष्कर्ष २०२० मध्ये आला. पण व्यायाम, प्रथिनं, धूम्रपान सोडणं आणि मनाला धीर देणं या चारही गोष्टी एकत्र, चार आठवडे करून पाहिल्या तर? मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवरच्या ऑपरेशनआधी नेमकं हेच करून पाहिलेल्या एका चाचणीचे निकाल २०२३ मध्ये आले. नेदरलँड्ससह काही देशांतले अडीचशे पेशंट त्यात होते. तयारी करून घेतलेल्यांत गंभीर गुंतागुंत १७ टक्क्यांना झाली, न केलेल्यांत जवळजवळ ३० टक्क्यांना. दाजींचे सर्जन कशाच्या जोरावर चार आठवडे म्हणाले, ते मला हे वाचल्यावर कळलं.

मग दाजी रोज सकाळ-संध्याकाळ कालव्याकडेच्या रस्त्यानं चालू लागले. दुपारी जिन्याच्या पायऱ्या. दोन अंडी, दूध, मोड आलेले मूग, पनीर. त्या महिन्यातली संकष्टी आणि दोन्ही एकादशा अक्कानं त्यांच्या वतीनं आपल्या अंगावर घेतल्या. चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन १०.९ झालं, वजन दोन किलोनं वाढलं.

भूलतज्ज्ञांच्या तपासणीत आपली माणसं बऱ्याच गोष्टी सांगत नाहीत, आणि ते महागात पडतं. मधुमेहाची गोळी मधूनमधून चुकते हे सांगायची लाज वाटते. दारूचा विषय बायकोमुलांसमोर निघत नाही. सांधेदुखीसाठी कुणीतरी दिलेल्या पुड्यांना तर आपण औषध मानतच नाही. त्या पुड्यांत पुष्कळदा स्टिरॉइड असतं, आणि स्टिरॉइडनं जखम सांधणं मंदावतं. ते आपल्या मनानं एकदम बंद करणंही तितकंच धोक्याचं. भूलतज्ज्ञांना तुमच्या चारित्र्याचा दाखला नको असतो, फक्त यादी हवी असते.

जोखीम जास्त दिसली, की कधीकधी ऑपरेशनचं स्वरूपच बदलतात. जून १९५६ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या लहान आतड्याचा मार्ग क्रोन्सच्या आजारानं बंद झाला. वय पासष्ट, आणि हृदयविकाराचा मोठा झटका येऊन नऊ महिनेही झालेले नव्हते. सर्जननी रोगट भाग कापून काढण्याच्या फंदात न पडता त्याला वळसा घालून वाट काढून दिली. नोव्हेंबरमध्ये आयझेनहॉवर पुन्हा निवडून आले. फ्रान्सच्या हार्टमान यांनी तर १९२१ मध्येच जोड न घालण्याचा मार्ग सांगितला होता: रोगट भाग काढायचा, खालचं टोक बंद करायचं आणि वरचं पोटावर बाहेर आणायचं. जोडच नाही, तर गळणार काय?

पोटावरच्या पिशवीचं नाव काढलं, की आपल्याकडे घरात सुतकी कळा येते. ती पुष्कळदा तात्पुरती असते, हे कुणी धड ऐकूनही घेत नाही. गुदाशयातला जोड खाली असेल, तर त्याच्या वरच्या बाजूला लहान आतड्याचं तोंड पोटावर काढून ठेवतात, म्हणजे मळ तिथूनच बाहेर पडतो आणि जोडाला उसंत मिळते. स्वीडनमध्ये २३४ पेशंटांत चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट करून हे पाहिलं. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा निकाल असा: पिशवी असलेल्यांत त्रास देणारी गळती दहा टक्क्यांना, नसलेल्यांत २८ टक्क्यांना. दाजींना पिशवी ठेवणार हे आधीच ठरलं होतं. अक्का रडली. दाजी म्हणाले, "धरणाला सांडवा लागतोच की."

ज्यांच्या नशिबी असा महिना नसतो, त्यांची गोष्ट निराळी आहे. आपल्याकडे आतड्याची कितीतरी ऑपरेशनं तातडीची असतात: टायफॉइडनं पडलेलं छिद्र, टीबीनं आवळलेलं आतडं, अडकलेला हर्निया, पडलेला पीळ. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१३ च्या अखेरीपासून पोटाच्या तातडीच्या ऑपरेशनांची देशव्यापी नोंद ठेवली जाते. सुरुवातीच्या नोंदींत महिन्याभरात दगावणाऱ्यांचं प्रमाण दहात एकाच्या आसपास होतं, आणि तेही तिथल्या सोयी असताना. अशा वेळी पेशंटच्या हातात तयारी नसते, असतात फक्त तास. पोट फुगलंय, वारा सरत नाही, उलट्या होतायत, अशा माणसाला आधी घरचा एरंडेलाचा चमचा, मग गल्लीतलं इंजेक्शन, मग तालुका, मग जिल्हा असं फिरवण्यात जे दोन दिवस जातात, त्यांची भरपाई कुठलाही सर्जन करू शकत नाही.

ऑपरेशननंतरचे आपले घरगुती नियमही आता जुने झालेत. पेशंटनं हलू नये, तोंडात पाण्याचा थेंब घेऊ नये, आठ-दहा दिवस नुसतं सलाइन. हे पूर्वी डॉक्टरच सांगत. कोपनहेगनच्या हेन्रिक केहलेट यांनी १९९० च्या दशकात त्याला सुरुंग लावला. दुखणं नीट आवरायचं, नळ्या लवकर काढायच्या, दुसऱ्या दिवशी उठवायचं, लवकर खायला द्यायचं. पेशंट दहा दिवसांऐवजी दोन-तीन दिवसांत घरी जाऊ लागले. पडून राहिल्यानं पायात रक्ताची गुठळी होते, फुप्फुसात कफ साठतो. तीन रंगीत गोळ्यांचं ते प्लॅस्टिकचं यंत्र हातात देतात, ते श्वास ओढून गोळ्या वर उचलायला असतं, नातवाला खेळायला नव्हे. आतडं जागं व्हावं म्हणून काही ठिकाणी च्युइंग गमही चघळायला देतात. सगळा वॉर्ड ज्या वार्ताहराची वाट पाहत असतो, तो म्हणजे सरलेला वारा. एरवी चारचौघांत नाव न घेण्याची ही गोष्ट तिथं घडली, की आसपासच्या कॉटवरचे नातेवाईकसुद्धा अभिनंदन करतात.

दाजी दुसऱ्या दिवशी चालले, चौथ्या दिवशी मऊ भात खाल्ला. सहाव्या दिवशी सकाळी त्यांना उचक्या लागल्या. ताप नव्हता, पोटात फार दुखतही नव्हतं. पण अक्का रोज नाडीचा आकडा वहीत लिहीत होती; तो अठ्ठ्याऐंशीवरून एकशे बारावर गेला होता. तिनं सिस्टरना सांगितलं, सिस्टरनी डॉक्टरांना. दुपारी सीटी स्कॅन झाला. जोडाला एका कोपऱ्यात बारीक गळती होती.

एवढं सगळं करूनही झालीच, असं भाचा म्हणाला. खरं आहे. शंभरातल्या दहांपैकी कुणीतरी असतोच. पण पिशवी असल्यामुळे मळ पोटात पसरला नाही. प्रतिजैविकं दिली, सुईवाटे नळी घालून साठलेला पू काढला, आणि दुसऱ्यांदा पोट उघडावं लागलं नाही. विडी चालू असती, रक्त आठवरच असतं, तर काय झालं असतं हे एका माणसाच्या बाबतीत कुणीच सांगू शकत नाही. मी सर्जनना विचारलं, तर ते एवढंच म्हणाले, की असा धक्का सोसायला अंगात काहीतरी शिल्लक असावं लागतं, आणि दाजींच्या अंगात ते होतं.

एकोणीस दिवसांनी दाजी घरी गेले. निघताना एक कागद दिला होता, तो अक्कानं फ्रीजवर चिकटवला: नाडी जलद चालणं, ताप, वाढती पोटदुखी, पोट फुगणं, उलट्या, बोलण्यात असंबद्धपणा, यांपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट न पाहता यायचं. काही गळत्या घरी गेल्यावरच उघड होतात.

पिशवी तीन महिन्यांनी काढायची होती, गळतीमुळे ती पाच महिने ठेवावी लागली. ती काढणं हेही ऑपरेशनच, त्यातही आतड्याला जोड असतोच. तारीख ठरवायला गेलो, तेव्हा सर्जन काही विचारायच्या आत दाजींनी खिशातून लॅबोरेटरीचा ताजा रिपोर्ट काढून टेबलावर ठेवला. हिमोग्लोबिन १२.४ होतं.